टिकलीएवढी जाळी

गणपती गेले की जावळीत पाऊस जरा उघडीप देतो आणि बांधावरचं गवत कमरेला लागलेलं असतं. नेमकं त्याच आठवड्यात आमचं मशीन रुसलं. पूर्ण बंद म्हणावं तर तसंही नाही. चोक लावून दोरी ओढली की सुरू व्हायचं, भुरभुरायचं आणि कापायला म्हणून रेस दिली की मान टाकायचं. दोरी ओढून ओढून माझा उजवा खांदा भरून आला. ओट्यावर बसून हे सगळं बघणाऱ्या आत्याबाई शेवटी म्हणाल्या, ‘‘एवढ्या वेळात इळ्यानं अर्धा बांध झाला असता.’’ खरं होतं. म्हणून तर राग आला.

हे मशीन म्हणजे पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं गवतकापणी यंत्र. कंपनीच्या पुस्तिकेत ‘ब्रश कटर’, दुकानात ‘ग्रास कटर’, आमच्या वाडीत नुसता ‘कटर’. लांब नळी, तिच्या मागच्या टोकाला नारळाएवढं इंजिन, पुढच्या टोकाला पातं. कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी लावायची, बांधावरच्या जून गवताला तीन पाकळ्यांचं लोखंडी पातं आणि घाणेरी, रानमोडीची झुडपं तोडायची असली तर करवतीसारखं गोल दातेरी पातं. आमचे हे वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. जावळी-पाटणकडच्या कितीतरी घरांची हीच कथा. मागं राहिलेल्या बायकांच्या हातात आधी इळा होता, आता कटर आलाय. कटर बिघडला की मुंबईला फोन करून उपयोग नसतो.

दोरीवाल्या कटरची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलस या माणसाची. साल १९७१. गाड्या धुवायच्या ठिकाणी गरगर फिरणारे ब्रश गाडीचा कोपरान्‌कोपरा घासतात, पण रंगाला ओरखडा काढत नाहीत, हे त्यानं पाहिलं. झाडाच्या बुंध्याशी उगवणारं गवत सालीला धक्का न लावता असंच निघालं तर? त्यानं पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून मासेमारीची नायलॉन दोरी ओवली आणि डबा यंत्रावर चढवून फिरवला. मला हा माणूस आवडतो. घरातला रिकामा डबा कामाला लावणारा माणूस आपल्यातलाच वाटतो.

तर, मशीन दुरुस्तीला न्यायचं की नाही, हा प्रश्न होता. आदल्या वर्षी असंच झालं तेव्हा मी ते शहरातल्या एका दुकानात टाकलं होतं. तीन आठवडे लागले. तोवर गवत जून झालं, म्हशी तोंड लावीनात. बिल १,८५० रुपये, त्यात ‘कार्बेटर नवीन’ अशी ओळ. यंदा मी स्वतः एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि कार्ब्युरेटरच्या कोपऱ्यावर मला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका दिसला. दोन वर्षांपूर्वी बेंदराला म्हशींची शिंगं रंगवताना उडालेला, माझ्याच हातचा. म्हणजे ‘नवीन’ कार्ब्युरेटर तोच होता, पुसून बसवलेला. त्या ठिपक्यानं माझा निर्णय केला.

आता यंत्र उघडायचं धाडस कुठून आलं, ते सांगते. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचे, साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतली ही कंपनी १९७५ साली निघाली आणि साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर बनू लागली. ज्यांच्या घरी प्रिया होती त्यांना रविवारची सकाळ आठवत असेल: स्कूटर एका अंगाला कलती करायची, पुन्हा सरळ, मग किक, मग पुन्हा कलती. मामा ती दारात उघडून बसायचे आणि पाना द्यायला मला हाक मारायचे. पाना देता देता बरंच कळत गेलं. प्रियाही टू-स्ट्रोक होती आणि हा कटरही टू-स्ट्रोक. या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते जळता जळता आतल्या पिस्टनला वंगण देत जातं. व्हॉल्व्ह नाहीत, फारसे भाग नाहीत. हलकं, सोपं आणि म्हणून घरी उघडता येण्याजोगं.

मामांचा एकच नियम होता: आधी फुकटचं बघायचं, मग पैशाचं.

फुकटचं पहिलं म्हणजे स्विच. हसू नका. मुठीवरचं ते लाल बटण बंद ठेवून मी एकदा पाऊण तास दोरी ओढली आहे. यंदा स्विच बरोबर होता. दुसरं, एअर फिल्टर. स्पंजाचा तुकडा असतो. भुसा आणि तेलानं माखून तो हिरवा-काळा झाला होता. साबणाच्या पाण्यात धुतला, पिळून सावलीत वाळवला. तिसरं, सायलेन्सरच्या तोंडाची जाळी. ठिणगी बाहेर उडून वाळल्या गवताला आग लागू नये म्हणून ती असते, आणि ऑइल जास्त पडत असेल तर काजळीनं ती बुजते. मग इंजिनाला श्वास सोडता येत नाही आणि त्याचा जोर जातो. माझी जाळी अर्धी बुजली होती. तारेच्या ब्रशनं साफ केली. ती काढून टाकून तशीच वापरणारे लोक मी पाहिलेत. डोंगरात वणवा कसा पेटतो ते एकदा बघितलेला माणूस असं करणार नाही.

मग प्लग. इंजिन कसं जगतंय हे प्लगचं टोक सांगतं. फिक्या चहासारखा तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. काळा, तेलकट असेल तर ऑइल जास्त किंवा हवा कमी. पांढुरका, कोरडा असेल तर पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये, आणि हे सगळ्यांत वाईट, कारण पेट्रोलबरोबर ऑइलही पोचत नसतं. माझा प्लग पांढुरका निघाला. ठिणगी बघायची तर प्लग टोपीत घालून त्याची बाजू इंजिनाच्या धातूला टेकवायची आणि सावलीत दोरी ओढायची. टोपीला धरूनच, उघड्या हातानं प्लगला नाही, आणि आधी सांडलेलं पेट्रोल पुसून. निळी ठिणगी कडकडीत पडली. म्हणजे वीज ठीक, हवा ठीक, दुखणं पेट्रोलच्या वाटेवर.

खरं तर चोकनं हे आधीच सांगितलं होतं. चोक म्हणजे हवेच्या तोंडावर ठेवलेला हात. हवा कमी केली की तिच्या मानानं पेट्रोल वाढतं. चोकवर चालतं आणि चोक काढून रेस दिली की मरतं, याचा अर्थ मशीन उपाशी आहे. एवढं कळलं की निम्मी दुरुस्ती झाली.

टाकीतलं पेट्रोल गेल्या हंगामाचं होतं. माझाच आळस. ते जॅमच्या काचेच्या बरणीत ओतलं आणि रात्रभर परड्यात, घरापासून लांब, झाकण लावून ठेवलं. सकाळी बरणीत दोन थर दिसले. वर ऑइलचा रंग असलेलं पेट्रोल आणि तळाशी बोटभर गढूळ, पाण्यासारखं काहीतरी. भाताच्या पेजेवर निवळ येते तसं, फक्त उलटं.

तळाचं ते म्हणजे इथेनॉल आणि पाणी. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. २०२२ च्या जूनमध्ये देशानं १० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं आणि २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जावळीच्या पावसाळ्यात हवेत दुसरं असतं काय? पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी बसतं. कटरच्या टाकीतलं फिल्टर दोरीला बांधलेल्या बादलीसारखं तळाशीच पडलेलं असतं. ते नेमका हाच थर ओढतं, ज्यात ऑइल जवळजवळ नसतं. शिवाय कार्ब्युरेटरमधल्या पातळ रबरी पडद्यांना हे मिश्रण महिनोन्‌महिने लागून राहिलं की ते कडक होतात.

गंमत अशी की हे इथेनॉल येतं कुठून? माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुका, किर्लोस्करवाडी स्टेशनापासून जवळ. दादाचं निम्मं रान उसाचं आणि निम्मं द्राक्षबागेचं. सांगली-साताऱ्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल होतं, ते तेल कंपन्यांकडं जातं. म्हणजे माहेरचा ऊस सासरच्या मशीनचं रबर खातोय. दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘ताई, त्याच इथेनॉलवर आमची बिलं निघत्यात, गप बस.’’ त्याचंही बरोबर. माझी इथेनॉलवर तक्रार नाही. रोज पळणाऱ्या मोटारसायकलची टाकी आठवड्यात रिकामी होते, तिला थर धरायला सवडच मिळत नाही. कटर मात्र आठ महिने खुंटीला टांगलेला असतो. तक्रार असलीच तर टाकी न ओतणाऱ्या बाईवर आहे. शिवाय मशीनची पुस्तिका मी या वर्षी पहिल्यांदा नीट वाचली. तिच्यात १० टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल चालेल असं स्पष्ट छापलंय.

आता कार्ब्युरेटर. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असतो. स्कूटर उभी असते म्हणून ते जमतं. कटर कधी आडवा, कधी उताराला तिरपा. फ्लोट कामाचा नाही. म्हणून त्यात दोन पातळ पडदे असतात, डायफ्रॅम म्हणतात त्यांना. इंजिनाच्या पोटातला दाब प्रत्येक फेरीला वरखाली होतो. त्या दाबानं एक पडदा धडधडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. दुसरा पडदा इंजिनाच्या ओढीप्रमाणं आत झुकतो, एक चिमुकली तरफ दाबतो आणि सुईचं तोंड उघडून हवं तेवढंच पेट्रोल सोडतो. काड्यापेटीहून थोडी मोठी ठोकळी, तिच्यात एवढा संसार.

उघडायच्या आधी मी मोबाइलवर फोटो काढले: कुठली नळी कुठं, एक्सलेटरची तार कशी अडकवलीय. ही सवय लावून घ्या. दोन नळ्या दिसायला सारख्या असतात आणि उलट्या लागल्या की पारदर्शक फुगा दाबून दाबून अंगठा दुखतो, पेट्रोल येत नाही. दोन लांब बोल्ट काढले की कार्ब्युरेटर हातात येतो. तो मी पितळी परातीत उघडला, कारण तरफेखाली तांदळाएवढी एक स्प्रिंग असते आणि ती उडाली की शेणानं सारवलेल्या जमिनीत सापडत नाही. परातीत पडली की टण्‌ वाजते.

एका बाजूचा एकच स्क्रू काढला. झाकण, पॅकिंग, पडदा. त्याखाली एका भोकात बसवलेली जाळी दिसली, माझ्या कपाळावरच्या टिकलीएवढी. टिकलीसुद्धा लहानातली. तिच्यावर हिरवट, चिकट थर होता, गुळाच्या काकवीसारखा. जुन्या पेट्रोलमधलं उडून जाणारं उडून जातं आणि मागं हा चीक राहतो. भुरभुरण्यापुरतं पेट्रोल त्यातून झिरपत होतं, रेस द्यायला लागणारं नाही. एवढ्याशा जाळीनं चार एकरांचे बांध अडवून ठेवले होते. सुईच्या टोकानं तिची कड उचलली, कार्ब्युरेटर साफ करायच्या फवाऱ्यानं धुतली. ही जाळी किंवा आतली बारीक भोकं टाचणीनं खुपसून साफ करायची नाहीत. भोक केसभर मोठं झालं की मशीन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. आणि फवारा मारताना चष्मा घाला, तो भलत्याच भोकातून उलटा डोळ्यांवर येतो.

दुसऱ्या बाजूचे चार स्क्रू काढले आणि तो दुसरा पडदा बोटावर घेतला. चांगला पडदा दुधावरच्या सायीसारखा लवतो. माझा भाजलेल्या पापडासारखा कडकड वाजला. आता मात्र पैशाचं आलं होतं.

दादाला कार्ब्युरेटरचा नंबर कळवला. हे महत्त्वाचं आहे: दुकानदाराला मशीनच्या कंपनीचं नाव सांगू नका, कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर सांगा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एकाच बनावटीचे कार्ब्युरेटर असतात. दादाच्या द्राक्षबागेतही ओळींमधलं तण मारायला कटरच आहे, ऑक्टोबरच्या छाटणीआधी त्याच्याकडं याच कामाची घाई असते, त्यामुळं त्याला दुकानं माहीत. सांगलीतून त्यानं पडदे आणि पॅकिंगचा संच आणला आणि भाच्याच्या हाती पाठवून दिला. दीडशे रुपये. मागच्या वर्षीच्या बिलाशी तुलना तुम्हीच करा.

आमच्या माहेरच्या भागाला यंत्राचं वावडं नाही, याला कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी बेळगावात कारखाना चालवला, आणि त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत कडबा कापायचं यंत्र होतं. नांगर त्यानंतर, १९०३ चा. लोखंडाच्या फाळानं जमीन नासते या समजुतीनं ते नांगर बराच काळ विकलेच जात नव्हते. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलच्या माळावर जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत. सासर-माहेरचा हा धागा मला नेहमी गोड वाटतो. ती जमीन म्हणजे निवडुंगाचं आणि सापांचं रान होतं. कारखान्याआधी त्या लोकांना झाडोरा तोडायला लागला. तेव्हा त्यांच्याकडं कटर असता तर, असं बांधावर मनात येतं कधीकधी.

पहिल्यांदा मी जोडणी चुकले, तेही सांगते. माझ्या कार्ब्युरेटरात टिकलीएवढ्या जाळीच्या बाजूला आधी पडदा आणि त्यावर पॅकिंग. दुसऱ्या बाजूला आधी पॅकिंग आणि त्यावर पडदा. मी दोन्हीकडं सारखंच लावलं. मशीननं हूं की चूं केलं नाही. फोटो मोठा करून बघितला, पुन्हा उघडलं, पुन्हा परात.

नवं पेट्रोल लागेल तेवढंच आणलं आणि ऑइल मापानं घातलं. माझ्या मशीनला ५० ला १, म्हणजे एका लिटरला २० मिली टू-टी ऑइल. काहींना २५ ला १ लागतं, लिटरला ४० मिली. आपली पुस्तिका बघा, शेजाऱ्याला विचारू नका. ‘टोपणभर टाक’ हे माप नव्हे. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी मापाची टोपी मी या कामाला वेगळी ठेवलीय. फुगा सात-आठ वेळा दाबला, चोक, दोरी. दुसऱ्या ओढीला लागलं. चोक काढला, धीर करून पूर्ण रेस दिली. ओट्यावरून आत्याबाईंनी काहीतरी म्हटलं, ते आवाजात ऐकू आलं नाही.

घरी काय करू नये, तेही लिहायला हवं. पात्याला तडा गेला असेल तर ते वेल्डिंग करू नका. आमच्याकडं ही सर्रास रीत आहे आणि ती जीवघेणी आहे. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्याचा तुकडा कुठं जाईल ते कुणाच्या हातात नसतं. चालू मशीनच्या आसपास पन्नास फुटांत पोर, कुत्रं, म्हैस नको. दगड गोळीसारखा उडतो. साडी नेसून कटर चालवू नये. मी यांची जुनी पॅंट, गमबूट आणि डोळ्यांना गॉगल घालते. वाडीत पहिल्या दिवशी हसले, आता चौघीजणी तशाच जातात.

आणि पात्याच्या नटाला उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलला असतात तसे. पातं फिरताना नट आपसूक ढिला होऊ नये म्हणून ही योजना. भाचा ते सोडवायला गेला आणि त्यानं सगळ्या ताकदीनं आवळून ठेवलं. नट सोडायचा तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, आणि आधी गिअरच्या भोकात खीळ घालून पातं अडवून. त्याच ठिकाणी एक छोटा स्क्रू आहे, त्यातून पंचवीसेक तासांच्या कामानंतर ग्रीस भरायचं. हे कुणी करत नाही, मग गिअर किरकिरतो आणि दोष कंपनीला जातो. पिस्टन आखडला असेल किंवा दोरी ओढताना अजिबात अडसर लागत नसेल, तर मात्र चांगला मिस्त्री शोधा. आणि मशीन हातात देण्याआधी आतल्या भागांचे फोटो काढून ठेवा. निळ्या ठिपक्याची सोय सगळ्यांकडं नसते.

दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत कापून झालं की कटर आठ महिने खुंटीला जाईल. त्याआधी त्याची टाकी ओतून, मशीन सुरू ठेवून आपोआप बंद पडेपर्यंत उरलंसुरलं पेट्रोल जाळायचं, म्हणजे जाळीवर चीक धरत नाही. तुमचा कटर आत्ता बंद असेल आणि टाकीत गेल्या वर्षीचं पेट्रोल असेल, तर मिस्त्रीला फोन करायच्या आधी ते एका बरणीत ओतून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा.